खडे कीं धोंडा? लढाऊ विमानांच्या शस्त्रांचा एक हिशेब

उन्हाळ्याच्या सुटींत आंब्याच्या झाडाखालीं जमलेलीं मुलें आमच्या वाचकांनीं अनेकदां पाहिलीं असतील. त्यांत नेहमीं दोन पक्ष असतात. एक पक्ष मूठभर खडे घेऊन ते एकदम भिरकावतो; दहांतील एखादा तरी कैरीस लागेल ही त्याची भिस्त. दुसऱ्या पक्षाचा नायक हाताजोगा एकच धोंडा निवडतो, नेम धरतो आणि फेंकतो. तो लागला तर कैरी डहाळीसकट खालीं येते. न लागला तर दुसरा धोंडा शोधावयास जावें लागतें, आणि तोंवर झाडाचा मालक काठी घेऊन येऊन ठेपतो.

अगदीं हाच वाद १९३४ पासून १९४५ पर्यंत मोठमोठ्या राष्ट्रांच्या हवाई दळांत चालला होता. मात्र तेथें पणाला कैरी नव्हती. वीस-बावीस वर्षांच्या तरुणांचे प्राण पणाला होते, आणि १९४० सालीं तर एका सबंध देशाचें स्वातंत्र्य पणाला होतें. लढाऊ विमानावर लहान मशीनगना पुष्कळ बसवाव्यात, कीं मोठ्या तोफा थोड्या बसवाव्यात, हा तो वाद. विषय वरकरणीं केवळ सैनिकांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं शाळेंतील त्रैराशिक आहे, आणि तें त्रैराशिक मांडणाऱ्यांत एक तेरा वर्षांची मुलगी होती. म्हणूनच घरांतील लहानथोरांनीं मिळून वाचावयाच्या या मासिकांत तो मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. मशीनगन म्हणजे चाप दाबून धरला असतां एकामागून एक गोळ्या सोडीत राहणारी बंदूक. तिची गोळी बारीक असते; ती ज्यास लागते त्यास भोंक पाडते, आणि फार तर थोडें आग लावणारें द्रव्य बरोबर नेते. विमानावरील तोफहि तशीच आपोआप चालते. परंतु तिच्या नळीचा व्यास मोठा, दुसऱ्या महायुद्धांत बहुधा २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित् अधिक असे. एवढ्या व्यासाचा गोळा पोकळ करून त्यांत स्फोटक द्रव्य भरतां येतें. मशीनगनची गोळी टोंचते. तोफेचा गोळा टोंचून मग फुटतो. सारा वाद या एका भेदांतून निघाला.

मेजावरील त्रैराशिक

पहिल्या महायुद्धानंतर कित्येक वर्षें ब्रिटिश लढाऊ विमानांवर बहुधा दोनच मशीनगना असत. त्या वैमानिकाच्या पुढ्यांत बसविलेल्या असून पुढील पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून नेमक्या वेळीं गोळ्या सोडीत. बंदूक अडली तर वैमानिक हात पुढें करून, प्रसंगीं हातोडीनें ठोकून, ती मोकळी करी. समोरचें विमानहि बहुधा सांगाड्यावर कापड ताणून केलेलें आणि मंदगति असे.

१९३० नंतर हें चित्र पालटूं लागलें. सबंध धातूचीं, वेगवान् बाँबफेकी विमानें तयार होऊं लागलीं. ब्रिटनच्या हवाई खात्यांत राल्फ सोर्ली नांवाचे अधिकारी होते. त्यांनीं असें अनुमान केलें कीं, दोन्ही विमानांचे वेग इतके वाढल्यावर शत्रु आपल्या नेमांत फार तर दोन सेकंद राहील. त्या दोन सेकंदांत काम झालें तर झालें. पुन्हा संधि मिळेल याची शाश्वति नाहीं. तर मग बंदुका किती हव्यात?

याच खात्यांत कॅप्टन फ्रेड हिल हे शास्त्रीय अधिकारी होते. त्यांची मुलगी हेझल तेव्हां तेरा वर्षांची असून गणितांत फार हुशार होती. १९३४ सालीं बापलेकींनीं लंडनमधील आपल्या घरीं मेजावर आंकडे मांडले आणि आलेख काढले. निष्कर्ष असा निघाला कीं, प्रत्येक विमानावर आठ मशीनगना हव्यात आणि प्रत्येकीनें मिनिटास निदान एक हजार गोळ्या सोडल्या पाहिजेत. चार बंदुका पुरेत असें मानणारे त्या वेळीं पुष्कळ होते. आठ बंदुका ही त्यांस चैन वाटे. तरीहि हा हिशेब खात्यापुढें गेला, आणि पुढील विमानें आठ बंदुकांचीं करावयाचें ठरलें. २०२० सालीं बीबीसीनें या मुलीवर माहितीपट दाखविला, तेव्हां ही हकीकत सर्वत्र झाली.

आम्हीं आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविलें. म्हणून तें येथें मांडून दाखविण्याचा मोह आवरत नाहीं. मिनिटास एक हजार गोळ्या, तर सेकंदास सुमारें सतरा. दोन सेकंदांत तेहतीस. आठ बंदुकांच्या मिळून सुमारें २६६. या २६६ गोळ्यांपैकीं पुरेशा गोळ्या लागून धातूचें विमान पडावें, अशी ही रचना. गणित चौथीच्या मुलासहि सुटेल असें आहे. अवघड होतें तें प्रश्न नेमका मांडणें: मिनिटांत विचार न करतां दोन सेकंदांत विचार करणें.

हरिकेन विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं आणि स्पिटफायर ५ मार्च १९३६ रोजीं प्रथम उडालें. १९४० च्या उन्हाळ्यांत जर्मन विमानें इंग्लंडवर चालून आलीं, तेव्हां या दोन्ही विमानांच्या पंखांत आठ आठ मशीनगना होत्या.

तोळाभर गोळी

या बंदुकीचें नांव ब्राउनिंग. ती अमेरिकन बनावटीची, पण ब्रिटिशांनीं आपल्या ३०३ काडतुसाकरितां बदलून घेतलेली. हें काडतूस आपणांस परकें नाहीं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेली 'थ्री-नॉट-थ्री' रायफल याच काडतुसाची. बदल करतांना एक नवीच अडचण पुढें आली. ब्रिटिश काडतुसांतील दारू फार उष्णता-हळवी होती. नळी तापली असतां तींत बसलेलें काडतूस आपोआप उडे. म्हणून गोळीबार थांबतांच खटका मागें राहून नळी रिकामी राहील अशी योजना करावी लागली.

या गोळीचें वजन सुमारें ११ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें जवळजवळ एक तोळा. प्रत्यक्षांत ब्राउनिंग मिनिटास सुमारें ११५० गोळ्या सोडी; म्हणजे आठ बंदुका सेकंदास दीडशेंवर. कळ दाबली कीं सेकंदास दीडशें तोळे धातु शत्रूच्या दिशेनें निघे. स्पिटफायरवर प्रत्येक बंदुकीस ३०० गोळ्या दिलेल्या असत. वाचकांनीं भागाकार करून पाहावा: सारा सांठा पंधरा-सोळा सेकंदांत संपे. वैमानिक तास-दीड तास हवेंत राही. पण त्याचें लढणें म्हणावयाचें तें एवढेंच, आणि तेंहि दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांनीं.

बंदुका पंखांत गेल्यामुळें वैमानिकाचा हात तेथवर पोंचत नसे. उंचावरील थंडीनें बंदुका गोठत. म्हणून तेथवर गरम हवा नेण्याची सोय करण्यांत आली, आणि नळ्यांच्या तोंडांवर कापडाच्या चिकट पट्ट्या लावूं लागले. पहिल्याच गोळीनें पट्टी फाटे, आणि मग उघड्या भोंकांतून वारा शिरून विमान शीळ घालीत परत येई. तळावरील कामगार तो आवाज ऐकूनच ओळखीत कीं, आपलें विमान लढून आलें आहे. आणि त्याबरोबर परत आलेलीं विमानें ते मोजूं लागत.

मूठभर खड्यांची बाजू अशी होती. वैमानिक पुष्कळदां नवखा, नेम अंदाजाचा, आणि लक्ष्य सेकंदासेकंदास जागा बदलणारें. अशा वेळीं गोळ्यांचा दाट पाऊस चुकीस माफी देतो. आठ नळ्यांच्या गोळ्या किती अंतरावर एकत्र याव्यात हेंहि ठरवावें लागे. आरंभीं हें अंतर ४०० यार्ड असे. 'सेलर' मालन या दक्षिण आफ्रिकी वैमानिकानें व त्याच्यासारख्या अनुभवी माणसांनीं तें २५० यार्डांवर आणलें. त्याचा अर्थ एवढाच कीं, शत्रूच्या अधिक जवळ जावें आणि मगच कळ दाबावी. शस्त्र तेंच, पण तें वापरण्याचें धैर्य दुप्पट लागूं लागलें.

चाळणी झालेलीं विमानें

तथापि १९४० च्या लढाईंतच या हिशेबांतील एक उणीव दिसून आली. हिशेब १९३४ चा होता. शत्रु १९४० चा होता. मधल्या काळांत जर्मनांनीं आपल्या विमानांत वैमानिकांच्या पाठीशीं पोलादी पत्रे बसविले. पेट्रोलच्या टाक्यांस रबराचें असें अस्तर दिलें कीं गोळी आरपार गेली तरी भोंक आपोआप मिटावें. मग असें होऊं लागलें कीं, एखादें हाइन्केल किंवा डॉर्निअर विमान शंभरावर भोंकें घेऊन, चाळणी होऊन, पण उडत आपल्या तळावर परत जाई. ज्यानें तें टिपलें तो वैमानिक मात्र आपण तें पाडलें अशा समजुतींत असे. आग लावणाऱ्या नव्या गोळ्यांनीं ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली. ती गोळी लागतांच चमके, म्हणून नेम बरोबर आहे हेंहि वैमानिकास कळे. पण तोळाभर वजनांत मावेल तेवढेंच काम ती करणार.

आतां धोंड्याची बाजू पाहूं. ब्रिटिशांनीं निवडलेली २० मिलिमीटरची हिस्पानो तोफ मार्क बिरकिग्ट या स्विस अभियंत्यानें रचिलेली होती. तिचा एक गोळा सुमारें १३० ग्रॅम, म्हणजे अकरा तोळ्यांचा. ती सेकंदास दहा गोळे सोडी. दोन तोफांचे वीस गोळे, म्हणजे सेकंदास २२० तोळे. आठ मशीनगनांच्या दीडशें तोळ्यांहून हें वजन अधिक आहेच. शिवाय प्रत्येक गोळा वेगानें जाणारा आणि आंत फुटणारा. वेग व वजन दोन्ही हिशेबांत घेतलीं, तर स्फोटक द्रव्य सोडूनहि एका गोळ्याचा आघात एका गोळीच्या सुमारें पंधरापट भरतो. ज्या पत्र्यानें गोळी अडे तो पत्रा या गोळ्यापुढें टिकत नसे.

मग हीच तोफ आधींपासून कां बसविली नाहीं? एका तोफेचें वजन चार-पांच ब्राउनिंगांएवढें. शिवाय ही तोफ मुळांत इंजिनाच्या अंगावर बसवून पंख्याच्या मध्यांतून झाडण्यासाठीं योजिलेली होती. तेथें इंजिनाच्या भरभक्कम वजनावर तिचा मागचा धक्का जिरे. स्पिटफायरचा पंख पातळ व लवचिक. त्यांत तोफेचा साठ गोळ्यांचा वाटोळा डबा उभा मावेना; म्हणून तोफ कुशीवर निजवावी लागली. उड्डाणांत पंख किंचित् वांके, रिकामीं काडतुसें नीट बाहेर पडत ना, आणि तोफ अडे.

हें प्रयोगशाळेंत नव्हे, तर ऐन लढाईंत घडलें. १९४० च्या उन्हाळ्यांत डक्सफर्ड विभागांतील १९ व्या स्क्वाड्रनला दोन दोन तोफांचीं आणि एकहि मशीनगन नसलेलीं स्पिटफायर विमानें देण्यांत आलीं. त्या तरुणांची अवस्था वाचकांनीं मनांत आणावी. शत्रु नेमांत आला आहे, कळ दाबली आहे, दोन-चार गोळे सुटतात आणि एक तोफ बंद पडते. आतां दुसरी एकटीच झडूं लागली कीं तिच्या धक्क्यानें विमानाचें तोंड बाजूस वळतें, आणि नेमहि जातो. नंतर तीहि अडते. ज्याच्या हातीं त्या काळचें सर्वांत प्रखर शस्त्र होतें, तो त्या क्षणीं आकाशांत नि:शस्त्र होता.

स्क्वाड्रनचे नायक फिलिप पिंकम यांनीं आग्रह धरला कीं, आमच्या तोफा परत घ्या आणि आम्हांस आठ मशीनगनांचीं विमानें द्या. सप्टेंबर १९४० च्या आरंभीं ती मागणी मान्य झाली. त्यांस मिळालीं तीं विमानें शिकाऊ वैमानिकांनीं वापरलेलीं जुनीं होतीं. तरी तीं त्यांनीं आनंदानें घेतलीं. त्याच आठवड्यांत, ५ सप्टेंबर १९४० रोजीं, पिंकम लढतांना मारले गेले. त्यांची मागणी योग्य होती यांत आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. जें शस्त्र झडत नाहीं त्याचा आघात कागदावर कितीहि मोठा असो, आकाशांत तो शून्य असतो. आणि शून्यानें गुणिल्यावर उत्तर काय येतें हें सांगण्यास शिक्षक नको.

कर्णाची शक्ति

येथें आम्हांस महाभारतांतील कर्णाची आठवण होते. कवचकुंडलें देऊन त्यानें इंद्रापासून शक्ति मिळविली. ती अमोघ होती, पण एकदांच वापरावयाची. अर्जुनासाठीं राखून ठेवलेली ती शक्ति रात्रीच्या युद्धांत घटोत्कचावर खर्चावी लागली. पुढें अर्जुन समोर आला, तेव्हां शक्ति नव्हती. रथाचें चाक भूमीनें गिळलें होतें, आणि शापामुळें अस्त्रहि ऐन वेळीं आठवत नव्हतें. थोडें आणि भारी असें शस्त्र बाळगणाऱ्यावर येणारीं तिन्ही संकटें या एका कथेंत आलीं आहेत: तें लवकर संपतें, तें भलत्याच लक्ष्यावर खर्ची पडतें, आणि तें ऐन वेळीं अडतें.

१९४० चें जर्मन मेसरश्मिट १०९ विमान असेंच होतें. त्याच्या पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. प्रत्येकीस साठ गोळे. सात सेकंदांत ते संपत, आणि मग इंजिनावरच्या दोन लहान मशीनगनांवर भागवावें लागे. गोळ्याचा वेगहि बेताचा, म्हणून दूरच्या लक्ष्यावर नेम साधणें कठीण.

जपानच्या झीरो विमानाचीहि हीच कथा. ७ ऑगस्ट १९४२ रोजीं ग्वाडलकनाल बेटावर साबुरो साकाई या जपानी वैमानिकाची जेम्स सदरलंड या अमेरिकनाशीं गांठ पडली. सदरलंडच्या बंदुका बंद पडल्या होत्या. साकाईनें त्याच्या वाइल्डकॅट विमानावर लहान मशीनगनच्या शेंकडों गोळ्या झाडल्या. विमान फाटलें, पण पडेना. हें पाहून साकाई स्वत: चकित झाला. अखेर त्यानें तोफेचे गोळे सोडले तेव्हां तें पेटलें. सदरलंडनें हवाई छत्रीनें उडी घेतली आणि तो वांचला. खडे आणि धोंडा यांतील भेद याहून स्पष्ट कोठें दिसावा?

लक्ष्य बदललें, उत्तर बदललें

ब्रिटिशांनीं तोफ टाकून दिली नाहीं. तिचे दोष काढले. तोफ पंखांत उभी बसविली आणि पुढें साठ गोळ्यांच्या डब्याऐवजीं गोळ्यांचा पट्टा आणला. १९४१ पासून दोन तोफा व चार मशीनगना असलेलें स्पिटफायर आणि चार तोफांचें हरिकेन लढूं लागलें. एकाच विमानांत खडेहि आणि धोंडेहि, ही ती तडजोड होती. आणि पुढील तीन-चार वर्षें ती चांगलीच उपयोगी पडली.

अमेरिकनांनीं तिसरा मार्ग धरिला. त्यांची अर्ध्या इंचाच्या नळीची ब्राउनिंग मशीनगन गोळीस सुमारें चार तोळ्यांची, भरंवशाची आणि दूरवर सरळ मारा करणारी होती. मस्टँग विमानाच्या डी प्रकारांत अशा सहा बंदुका आणि एकंदर १८८० गोळ्या असत. हिस्पानो तोफ अमेरिकनांनींहि बनविली. पण तिची काडतूस बसण्याची जागा त्यांनीं ब्रिटिशांपेक्षां किंचित् लांब ठेवली. त्या केसभर फरकामुळें खटक्याचा आघात काडतुसावर पुरता बसेना आणि तोफ वारंवार फुकट जाई. तेव्हां त्यांनीं बहुतेक ठिकाणीं मशीनगनच ठेवली. त्यांस तें परवडलें, कारण त्यांच्या वैमानिकांपुढें बहुधा लहान लढाऊ विमानें येत, आणि जपानी विमानांत तर पोलादी पत्रे व मिटणाऱ्या टाक्या पुष्कळदां नसतच. अमेरिकेच्या शहरांवर बाँबफेक्यांचे थवे कधींच आले नाहींत.

जर्मनांपुढील प्रश्न नेमका उलट होता. १९४३ पासून चार इंजिनांचीं अवाढव्य बी-१७ विमानें शेंकड्यांनीं जर्मनीवर येऊं लागलीं. जर्मनांनीं चित्रफिती पाहून हिशेब केला. असें एक विमान पाडण्यास २० मिलिमीटरचे सुमारें वीस गोळे लागावे लागत. सामान्य वैमानिकाचे शंभरांत दोनच गोळे लागत. म्हणजे वीस गोळे लागण्यासाठीं एक हजार गोळे झाडावयास हवे. आणि एवढे गोळे एका विमानांत मावत नसत. कालपर्यंत जो धोंडा वाटत होता तो या लक्ष्यापुढें खडा ठरला! मग त्यांनीं ३० मिलिमीटरची तोफ आणली. तिच्या पातळ कवचाच्या गोळ्यांत इतकें स्फोटक मावे कीं, तीन-चार गोळ्यांत बी-१७ विमान पडे. १९४४ सालीं लढाईंत उतरलेल्या मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या नाकांत अशा चार तोफा होत्या.

परंतु येथेंहि किंमत मोजावी लागलीच. या तोफेचा गोळा मंद जाई. त्यामुळें तो लवकर खालीं झुके आणि अगदीं जवळ गेल्याखेरीज नेम साधत नसे. इंजिनावर चालणाऱ्या फोक-वुल्फ विमानांवर अशा तोफा आणि जाड चिलखत चढविलें, तेव्हां तीं इतकीं जड झालीं कीं मस्टँग विमानें आलीं असतां त्यांस ना वळतां येई ना पळतां येई. हत्ती मारण्यास निघालेल्या शिकाऱ्यावर वाटेंत लांडगे तुटून पडावेत तसें झालें. हत्तीसाठीं घेतलेलें ओझें लांडग्यांशीं लढतांना त्याच्याच जिवावर उठलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'मशीनगन श्रेष्ठ कीं तोफ श्रेष्ठ' हा प्रश्नच अपुरा आहे. समोर कोण आहे, त्याचें अंग किती कठीण आहे, तो नेमांत किती क्षण राहील, नेम धरणारा हात कितपत तयार आहे, आणि कळ दाबल्यावर शस्त्र खरोखर झडेल काय, हीं पांच पदें दिल्याखेरीज हें गणित सुटत नाहीं. हेझल हिलचें उत्तर १९३४ सालीं दिलेल्या पदांवरून निघालें होतें, आणि १९४० च्या त्या आणीबाणींत तेंच देशाच्या उपयोगीं पडलें. कारण तोफ तेव्हां तयार नव्हती आणि आठ बंदुका तयार होत्या. पिंकम यांनीं तोफ नाकारली तेंहि बरोबर, आणि वर्षभरांत त्यांच्याच हवाई दळानें ती स्वीकारली तेंहि बरोबर.

आपल्या आकाशांत

महायुद्धानंतर कोरियाच्या युद्धांत (१९५० ते १९५३) अमेरिकन सेबर विमानांवर तशाच सहा मशीनगना होत्या, तर रशियन बनावटीच्या मिग-१५ विमानांवर ३७ व २३ मिलिमीटरच्या तीन तोफा. मिगचे गोळे भारी, पण मंदगति. सेबरच्या गोळ्या दाट, पण हलक्या. कित्येक मिग विमानें अंगावर भोंकें घेऊन परत गेलीं. पुढें जर्मनांनीं युद्धाच्या अखेरीस योजिलेल्या फिरत्या कोठ्यांच्या तोफेवरून ब्रिटिशांनीं ३० मिलिमीटरची एडन तोफ केली. तींत गोळ्याचें वजन आणि झाडण्याचा वेग हीं दोन्ही साधलीं, आणि जुना वाद बहुतांशीं मिटला.

त्या वादाचा एक उत्तरार्ध मात्र आपल्याच सीमेवर घडला. १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानच्या सेबर विमानांवर अर्ध्या इंचाच्या सहा मशीनगना होत्या. आपल्या हंटर विमानांवर चार एडन तोफा आणि चिमुकल्या नॅटवर दोन. खडे आणि धोंडे पंजाबच्या आकाशांत पुन्हा समोरासमोर आले. दोन्ही बाजूंचीं विमानें पडलीं. शस्त्रापेक्षां वैमानिकाचें कौशल्य व प्रसंग हींच बहुधा निर्णायक ठरलीं. आणि नॅटच्या तोफा ऐन वेळीं अडत, ही तक्रार वाचतांना १९४० च्या त्या १९ व्या स्क्वाड्रनची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आणखी एक गोष्ट नाशिककरांस जवळची वाटेल. ओझर येथील कारखान्यांत ज्या प्रकारचीं मिग-२१ विमानें बनूं लागलीं, त्यांवर मुळांत एकहि तोफ नव्हती. क्षेपणास्त्रांच्या युगांत तोफ कशास हवी, असा त्या वेळचा समज होता. अनुभवानें तो चूक ठरला, आणि विमानाच्या पोटाखालीं २३ मिलिमीटरची जोडनळीची तोफ जोडण्यांत आली. १२ डिसेंबर १९७१ रोजीं कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनीं पाकिस्तानचें एफ-१०४ विमान पाडलें, तें या तोफेनेंच.

हा सारा हिशेब शेवटीं माणसें मारण्याचा आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. चाळणी होऊन परत गेलेल्या त्या जर्मन विमानांतहि कोणाचे तरी मुलगे होते. हेझल हिल पुढें डॉक्टर झाली. युद्धकाळांत तिनें सैन्याच्या वैद्यकीय दळांत काम केलें, आणि मेजावर मांडलेल्या आंकड्यांचें मोल काय असतें तें रुग्णांच्या खाटांपाशीं पाहिलें. मोठेपणीं तिनें रोग्यांची सेवा केली हें वाचून आम्हांस समाधान वाटलें. तिचा तो हिशेब आक्रमकास थोपविण्यासाठीं होता, आणि तो तिनें प्रामाणिकपणें केला होता.

आमच्या वाचकांच्या घरींहि संध्याकाळीं कोणी मुलगी दप्तर उघडून गणितें सोडवीत बसली असेल. तिचें उत्तर बरोबर आलें म्हणजे आपण तिला शाबासकी देतों. त्याबरोबर तिला एवढें विचारण्याची संवय ठेवावी: यांत दिलेलें काय आहे, आणि उद्यां तें बदललें तर उत्तर काय येईल? आम्ही शिक्षक असतांना हा दुसरा प्रश्न पुरेसा विचारला नाहीं, याची आतां आम्हांस खंत वाटते.